आई, डॉक्टरांसमोर तू बोल

ती. बाबा व सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोन लावला की बाबा "ठणठणीत आहे मी" म्हणून तो आईच्या हातात देतात, आणि बाबा शेजारी असले की आई काही सांगत नाही. म्हणून लिहिते आहे. आई, मोठ्यानं वाच, त्यांनाही ऐकू दे.

बाबा, देवळात आरतीला उभे असताना पडलात त्याचं मला तेवढं भय वाटलं नाही. उपास, गर्दी, उकाडा, त्यात तासभर उभं राहणं. पायांत रक्त साचतं, दाब उतरतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. माणूस आडवा झाला की मेंदूला पुन्हा रक्त मिळतं आणि तो उठून बसतो. पण दुसऱ्या खेपेला तुम्ही कट्ट्यावर बसला होता. घाम नाही, अंधारी नाही, बोलता बोलता मान टाकलीत. त्याला ऊन कारण नव्हे. बसल्या जागी अशी शुद्ध गेली तर हृदयाचे ठोके मध्येच थांबतात का, नाहीतर भलतेच पळतात का, ते बघावंच लागतं.

गल्लीतले म्हणतात मिरजेला न्या, डोक्याचा एमआरआय काढा. हातपाय लुळे पडले असते, जीभ जड झाली असती तर मीही तेच म्हटलं असतं. नुसत्या बेशुद्धीचं कारण त्या फोटोत क्वचितच सापडतं. सुरुवात बेळगावातच होते, आणि स्वस्तात होते.

ईसीजी तर काढतीलच. त्यासोबत आडवं झोपवून पाच मिनिटांनी बीपी घ्यायचं, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर बरंच काही कळतं. मी इथं रोज ईसीजी काढते, म्हणून सांगते: गर्दीच्या ओपीडीत नेमकं हेच राहून जातं. तुम्ही तोंडानं मागा. सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घालून न्या, ते चूर्णसुद्धा. बीपीची गोळी आणि रात्रीची प्रोस्टेटची गोळी, दोन्ही दाब उतरवतात. मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

पुढं इको करतील, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. या वयात हृदयाची झडप अरुंद झालेली असू शकते, ती त्यात दिसते. मग होल्टर: छातीला पट्ट्या आणि कमरेला ठोके टिपणारं छोटं यंत्र, दिवसभर किंवा दोन दिवस. त्या वेळात तुम्हाला काहीच झालं नाही, तर रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो. तो कागद दाखवून "झालं, सुटलो" म्हणायचं नाही, बाबा. चोर आला नाही त्या रात्रीचा पहारा तो. गरज पडली तर टिल्ट टेस्ट करतात, म्हणजे पट्ट्यांनी बांधून पलंग 60-70 अंशांत उभा करायचा आणि डॉक्टरांच्या नजरेखाली शुद्ध जाते का याची वाट बघायची. तरीही उलगडलं नाही, तर छातीच्या कातडीखाली बारीक यंत्र बसवतात, ते दोन-तीन वर्षं ठोके टिपत राहतं.

आता आई, तुझ्याकडं. या सगळ्यापेक्षा तुझी साक्ष मोठी आहे. बाबांना काही आठवत नाही, कारण ते बेशुद्ध होते, आणि तरी डॉक्टरांना उत्तरं तेच देतात! चेहरा पांढरा पडला की निळा? डोळे उघडे होते का? हातपाय झटकले का, किती वेळ? थोडे झटके बेशुद्धीतही येतात, तेवढ्यानं फीट ठरत नाही. पण जीभ कडेला चावली होती का, उठल्यावर बराच वेळ भांबावले होते का, हे डॉक्टर विचारतीलच. तुझ्या मराठीतच सांग, बेळगावात कुणाचं अडत नाही. फॉर्म तेवढा कन्नडमध्ये असला तर काउंटरवर भरून घे.

पुन्हा असं झालं तर उठवून बसवायचं नाही, तोंडात पाणी घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. आडवं झोपवायचं, पाय उचलून धरायचे. छातीत दुखलं, धाप लागली किंवा लगेच शुद्ध आली नाही, तर 108 ला फोन.

निदान होईपर्यंत स्कूटरची किल्ली तुझ्या पदराला. विहिरीकडंही एकट्यांनी जायचं नाही.

मी शनिवारी येते. तोवर आठवेल ते सगळं एका कागदावर लिहून ठेव. बाबा, तुम्ही तो दुरुस्त करायचा नाही.

तुमची लेक