फुकटचं टूल कोण तपासतं?

मा. संपादक,

विद्यापीठातल्या ऑनलाइन कोर्सचं काम बघणाऱ्या विभागात मी आहे, आणि 'एक साधं ॲप जोडून द्यायला तुम्हाला इतका वेळ का लागतो' हे प्राध्यापक मंडळींकडून सतत ऐकावं लागतं. तक्रार खोटी नाहीये, वेळ लागतोच, फक्त तो नको तिथे लागतो, म्हणून हे पत्र.

सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असलं की फाइल फिरायला लागते, खरेदी विभाग, आयटी, कायदेशीर सल्लागार, सह्यांवर सह्या. तेच टूल फुकट असलं की कुणी विचारतच नाही, सर अकाउंट काढतात, वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकतात, मुलं आपापल्या पर्सनल ईमेलने साइन अप करतात आणि काम झालं. म्हणजे पैसे बाहेर जाणार असतील तर सगळी चाळण, आणि मुलांची नावं, ईमेल, मार्क बाहेर जाणार असतील तर काहीच नाही! चाळण लावायचीच तर डेटाला लावा ना.

'जोडणं' म्हणजे काय हे बहुतेकांना दिसतच नाही. मूडल, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर, त्यात बाहेरचं टूल जोडताना सेटिंगच्या पानावर प्रायव्हसी नावाचा छोटासा भाग असतो, त्यात विद्यार्थ्याचं नाव पाठवायचं का, ईमेल पाठवायचा का, टूलकडून आलेले मार्क घ्यायचे का, असे प्रश्न असतात आणि प्रत्येकापुढे नेहमी, कधीच नाही, किंवा शिक्षकावर सोपवा यातलं एक निवडायचं असतं. बऱ्याच टूलना ईमेल लागतच नाही, तरी कंपनीच्या सूचनांमध्ये सगळं 'नेहमी' ठेवा असं लिहिलेलं असतं आणि घाईत तसंच ठेवलं जातं. ही जोडणी ज्या एलटीआय स्टँडर्डवर (बाहेरची टूल कोर्सला जोडायच्या ठरलेल्या तांत्रिक पद्धतीवर) चालते त्याची १.३ आवृत्ती २०१९ मध्ये आली, ती जुन्या १.१ पेक्षा बरीच सुरक्षित आहे, तरी अजून जुन्यावरच चालणारी टूल घेऊन लोक येतात.

म्हणून माझं म्हणणं असं की अर्ज आला की पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बघा, हेच काम करणारं काही आपल्याकडे आधीच आहे का (बऱ्याचदा असतं, कुणाला माहीत नसतं इतकंच) आणि विद्यार्थ्याचं काय काय बाहेर जातंय. लॉगिन न लागणारं सिम्युलेशन असेल तर दोन-चार दिवसांत हो म्हणून टाका, त्याला समितीच्या मीटिंगची वाट कशाला बघायला लावायची? नावं आणि मार्क जाणार असतील तर मात्र सोडू नका, कंपनीकडून हेकव्हॅट भरून घ्या, एज्युकॉज या उच्च शिक्षणातल्या आयटीवर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेची ही डेटा-सुरक्षेची प्रश्नावली उच्च शिक्षणासाठीच बनवलेली आहे, आणि डेटा कुठे ठेवणार, कधी पुसणार हे लेखी घ्या.

फॉर्ममधला ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे अपंग मुलांनाही टूल वापरता येतं का हा कॉलम तर लोक टिक मारून मोकळे होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे यासाठीच्या आंतरराष्ट्रीय वेब-नियमांत, स्पष्ट आहे की ओढून सोडायची क्रिया असेल तर तेच काम न ओढता, नुसत्या क्लिकनेही करता आलं पाहिजे. आता जोड्या लावायची एखादी रंगीत क्विझ उघडा आणि बघा जमतं का. हात थरथरणाऱ्या मुलाने काय करायचं?

आणि टूल बंद पडतात हो. ऑनलाइन वर्ग चालवायचं एडमोडो सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं, गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला गेला, आणि त्या तर मोठ्या नावाच्या वस्तू होत्या. वर्षभराचं काम त्यात असेल तर ते बाहेर कसं काढायचं हे घेतानाच विचारायला हवं, शिवाय दरवर्षी जुनी यादी काढून कुणी वापरत नाही ती टूल काढून टाकायला हवीत, पण काढायचा अर्ज कुणी करत नाही त्यामुळे ती तशीच लटकत राहतात, आणि त्यांना दिलेली परवानगीही चालूच राहते.

प्राध्यापकांनाही एक सांगणं आहे, सत्र सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात अर्ज टाकून सोमवारी टूल मागू नका. पण आमच्याकडचं मौन त्याहून वाईट. महिनाभर उत्तरच आलं नाही की माणूस फुकटच्या लिंककडे वळणारच, मग आमच्या त्या लांबलचक फॉर्मचा उपयोग काय? आलेले अर्ज, ते कुणाकडे अडलेत, नाकारले तर का, ही यादी विद्यापीठाच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसू द्या. त्यात लपवण्यासारखं काही नाहीये.

– एक वाचक