‘प्लॅनेट’ इंजिनाचे श्रेय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतील वाफेच्या इंजिनांवरील लेख आवडीने वाचला. लेखकाने कष्ट घेतले आहेत हे पानोपानी जाणवते. मात्र त्यातील दोन विधाने तशीच राहिली तर शाळकरी वाचक ती पाठ करून ठेवतील, म्हणून हे पत्र. रॉबर्ट स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’ हे जगातील पहिले रेल्वे इंजिन होय, असे लेखात एके ठिकाणी म्हटले आहे, तर पुढची सव्वाशे वर्षे इंजिने रॉकेटच्याच आराखड्यावर घडत गेली, असे दुसऱ्या ठिकाणी. पहिल्या विधानाचे निरसन सोपे आहे. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांचे इंजिन वेल्समधील पेनिडॅरन येथे २१ फेब्रुवारी १८०४ रोजी रुळांवरून लोखंड भरलेल्या गाड्या ओढत गेले, तेव्हा रॉबर्ट स्टीफन्सन चार महिन्यांचे तान्हे मूल होते.

दुसरे विधान अधिक गंभीर आहे, कारण त्यात ‘प्लॅनेट’ या इंजिनाचे श्रेय रॉकेटच्या पदरात पडले आहे. ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथील इंजिनांची स्पर्धा रॉकेटने जिंकली, ती बॉयलरमधून आरपार नेलेल्या पंचवीस तांब्याच्या नळ्यांच्या आणि वापरलेली वाफ धुराड्यात सोडून भट्टी फुलवण्याच्या युक्तीच्या बळावर. अनेक नळ्यांची ती कल्पना लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे कंपनीचे हेन्री बूथ यांनी सुचवलेली होती. या दोन गोष्टी टिकल्या, यात वाद नाही. परंतु रॉकेटची उरलेली मांडणी पाहावी. सिलिंडर, म्हणजे ज्यांत वाफ दट्ट्याला (पिस्टनला) ढकलते ती नळकांडी, बॉयलरच्या मागच्या अंगाला, बाहेर उघड्यावर आणि चांगलेच तिरपे; त्यामुळे दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर इंजिन डोलत असे. चालक चाके, म्हणजे दट्ट्यांच्या जोराने फिरणारी चाके, पुढे, आणि भट्टी म्हणजे बॉयलरच्या मागे जोडलेली, नळांनी त्याच्याशी सांधलेली वेगळी पेटी. स्टीफन्सन यांना हे दोष लगेच दिसले असावेत, कारण १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग सुरू झाला, त्या दिवशी मिरवणुकीच्या अग्रभागी असलेल्या ‘नॉर्थम्ब्रियन’मध्ये सिलिंडर जवळजवळ आडवे झाले होते आणि भट्टी बॉयलरच्याच अंगात सामावली होती.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १८३० रोजी, स्टीफन्सन यांचेच ‘प्लॅनेट’ इंजिन या रेल्वे कंपनीच्या ताब्यात आले. येथे सगळी मांडणी उलटीपालटी झाली. चालक चाकांची जोडी मागे, भट्टीच्या लगत आली. पुढे नुसता भार पेलणारी लहान वाहक चाके आली. आणि दोन्ही सिलिंडर बाहेरून उचलून बॉयलरच्या पुढच्या टोकाला, धुराड्याखालच्या धूरपेटीच्या तळाशी, चाकांच्या आतल्या बाजूला बसवले गेले. यामुळे दोन गोष्टी साधल्या. एक तर सिलिंडर गरम धुराच्या सान्निध्यात राहिल्याने त्यांतील वाफ थंड होऊन पाणी होण्याचे प्रमाण घटले आणि इंधन वाचले. दुसरे म्हणजे दट्ट्यांचा जोर इंजिनाच्या मध्यरेषेजवळ आल्याने डुलणे पुष्कळ कमी झाले. सिलिंडरचा व्यास ११ इंच आणि दट्ट्याची धाव १६ इंच होती. रॉकेटचे हेच आकडे ८ आणि १७ होते. गुणाकार केला तर प्लॅनेटचे सिलिंडर पावणेदोनपटीहून थोडे अधिक भरतात. एका वर्षात एवढी मजल!

याची किंमतही होती. सिलिंडर आत घेतल्यावर दट्ट्यांचा जोर चाकाच्या आऱ्यांवर न येता थेट आसावर, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या दांड्यावर, येतो, आणि त्यासाठी आस दोन ठिकाणी कोपरासारखा वाकवलेला हवा. असा आस निर्दोष घडवणे त्या काळच्या घणकामाच्या आवाक्यातले जेमतेमच होते, आणि तो तुटण्याची धास्ती इंजिनवाल्यांना दीर्घकाळ राहिली. म्हणून प्लॅनेटला बाहेरून लोखंडी पत्रे ठोकलेल्या लाकडाची मुख्य चौकट देऊनही चाकांच्या आत आणखी लोखंडी पट्ट्या आणि बेअरिंगे दिली होती; आस मोडलाच तरी चाके जागेवरून निसटू नयेत, हा हेतू. माझी उमेदीची वर्षे रेल्वेच्या कारखान्यात गेली. तेथे जुने फिटर आसावर हातोडीचा हलका ठोका देऊन, केवळ नादावरून तडा ओळखत. त्या कानांचे महत्त्व १८३० मधील आसांना किती वाटले असते, याची कल्पना मला करता येते.

प्लॅनेटने आपली कुवत फार लवकर दाखवली, आणि त्या हकिकतीला एक विचित्र किनार आहे. मार्गाच्या उद्घाटनाच्या दिवशी लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन रॉकेटखाली सापडून मृत्युमुखी पडले होते. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी नोव्हेंबरात पोटनिवडणूक झाली. २३ नोव्हेंबर रोजी मँचेस्टरहून मतदार न्यायचे होते, निघायला उशीर झाला होता, आणि प्लॅनेटने सुमारे ३१ मैलांचे ते अंतर वाटेतल्या दोन मिनिटांच्या थांब्यासह तासाभरात तोडले. लगेच डिसेंबरच्या ४ तारखेला याच इंजिनाने कापूस, पीठ आणि माल्ट अशा मालाची सुमारे ८० टनांची गाडी लिव्हरपूलहून मँचेस्टरला तीन तासांच्या आत पोहोचवली. एकच इंजिन प्रवासी आणि माल अशा दोन्ही कामांना पुरे पडले.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की आतले सिलिंडर ही कल्पना एकट्या स्टीफन्सन यांची नव्हती. लिव्हरपूलचे एडवर्ड बरी यांनी त्याच वर्षी आतल्या सिलिंडरचे इंजिन तयार केले होते, आणि टिमोथी हॅकवर्थ यांचे ‘ग्लोब’ही त्याच सुमाराचे, अग्रहक्काचा वाद पुढे बराच रंगला. माझ्या मते तो वाद गौण आहे. स्टीफन्सन यांनी ही मांडणी एका इंजिनापुरती न ठेवता तिची एक जातकुळीच उभी केली, त्याच मापांची इंजिने एकामागून एक बांधली, इतर कारखान्यांनी ती उचलली, हे महत्त्वाचे. १८३१ मध्ये मालगाड्यांसाठी चारही चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली ‘सॅम्सन’ आणि ‘गोलायथ’ निघाली. १८३२ मध्ये फिलाडेल्फियात मॅथायस बाल्डविन यांनी बनवलेले पहिले मोठे रेल्वे इंजिन, ‘ओल्ड आयर्नसाइड्स’, हे प्लॅनेटवरूनच बेतलेले होते.

प्लॅनेटचा खरा दोष वजनाचा होता. सुमारे आठ टन वजन चारच चाकांवर, तेही भट्टीचा भार मागे लोंबता. आणि त्या मार्गाचे रूळ यार्डाला अवघे ३५ पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम १७ किलो. (आज आपल्या मुख्य मार्गांवर ६० किलोचे रूळ असतात.) १८३३ मध्ये स्टीफन्सन यांनी भट्टीच्या मागे चाकांची तिसरी जोडी घालून ‘पेटंटी’ घडवले, आणि वळणावरचा बाजूचा दाब वाकवलेल्या आसावर येऊ नये म्हणून मधल्या चालक चाकांची कडच काढून टाकली. जर्मनीतील न्यूरेम्बर्ग-फ्यूर्थ मार्गावर ७ डिसेंबर १८३५ रोजी धावलेले ‘आडलर’ याच घराण्यातले.

आपल्या मातीशी याचा धागाही सापडतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीसाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंजिने मागवली, ती इंग्लंडमधील न्यूटन-ल-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीकडून. हा कारखाना लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या परिसरातच चार्ल्स टेलर यांनी काढला होता, आणि सुरुवातीला रॉबर्ट स्टीफन्सन त्यात भागीदार होते. त्या आठ इंजिनांना पुढे वाहक चाकांची एक जोडी आणि मागे जोडलेल्या चालक चाकांच्या दोन जोड्या होत्या.

आतले सिलिंडर पुढे बहुतेक ठिकाणी मागे पडले. आपल्याकडची डब्ल्यूपी जातीची वाफेची इंजिने पाहिलेल्यांना ते बाहेरच आठवतील. पण त्या डब्ल्यूपीतही भट्टी मागे, मध्ये नळ्यांचा बॉयलर, पुढे धूरपेटी आणि तिच्याच पातळीला सिलिंडर, हा क्रम होता. तो प्लॅनेटचा आहे, रॉकेटचा नव्हे.

शेवटी एक लहानशी दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘१८३० चे मूळ प्लॅनेट’ असे छापले आहे. मूळ इंजिन शिल्लक नाही. छायाचित्रातील इंजिन मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयासाठी स्वयंसेवकांनी बांधलेली, १९९२ मध्ये पूर्ण झालेली प्रतिकृती आहे. पुढील अंकात ती ओळ सुधारून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, ठाणे