न्यूमोनिया नाही सांगितलं

आंजर्ले

चि. मेधा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

बाय, "गावात न्यूमोनियाच सांग" असं तू फोनवर म्हणालीस. मी तसं सांगितलेलं नाही. औषधाला दाद न देणारा टीबी झाला, वॉर्डात काम करताना झाला आणि आता कल्चर निगेटिव्ह आलंय, म्हणजे थुंकीच्या तपासणीत जंतू वाढले नाहीत, हे ओटीवर बसून सगळ्यांना सांगून टाकलं. आरोग्य उपकेंद्रात नोकरीला होते तोवर वाडीवाडीत फिरून हेच सांगत आले ना, की हा आजार लपवू नका? मग स्वतःच्या पोरीच्या वेळी जीभ कशी वळवू?

काकूंनी तुझ्यासाठी वेगळं ताट काढून ठेवलं होतं. मी ते परत मांडणीत लावलं. जंतू खोकल्यातून हवेत जातो, ताटावाटीतून लागत नाही, हे तुला सांगायला नको. त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. अमेरिकेत 2014 साली डॅलसच्या दोन नर्सना रुग्णाची सेवा करताना इबोला झाला. दोघी बऱ्या झाल्या. त्यातल्या नीना फामला ओबामांनी कॅमेऱ्यांसमोर मिठी मारली. लोक तिथेही दचकलेच होते. आपल्याकडे राष्ट्राध्यक्ष येणार नाहीत, पण शिमग्याला पालखी येईल आणि ती नाचवणारी पोरं तुझ्या हातचं पाणी पिऊन जातील.

आता कामाचं. तळपायांना मुंग्या येतात ते थकव्यावर ढकलू नकोस. तुझ्या गोळ्यांतल्या लिनेझोलिडनं नसांना त्रास होतो. याच आठवड्यात डॉक्टरांना सांग, मात्रा कमी करायची की कसं ते तेच ठरवतील. आपल्या मनानं गोळी सोडायची नाही, ईसीजी चुकवायचा नाही. पूर्वी हे उपचार दीड-दोन वर्षं चालायचे, वर इंजेक्शनं. त्यात कित्येकांचे कान गेले. तुझा कोर्स 6 महिन्यांचा आहे. लिनेझोलिड चालू आहे तोवर खारा बांगडा आणि सुकट विसर, रक्तदाब चढतो. तोंड वाकडं करू नकोस, हर्णैहून ताजे मासे आणू.

टीबीच्या पेशंटांसाठीच्या सरकारी निक्षय योजनेचे महिना 1000 रुपये घ्यायला तुला लाज वाटते म्हणे. का? ते पेशंटच्या खाण्यासाठी आहेत आणि सध्या पेशंट तू आहेस.

मेट्रनबाई रोज विचारतात ना, कधी रुजू होतेस? तू त्यांना लेखी विचार, की माझ्या खात्यातली रजा का कापली? नुकसानभरपाईच्या कायद्यात कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी आहे, आरोग्यसेवेत लागलेला संसर्ग तिच्यात अगदी सुरुवातीलाच आहे. अर्जाची पोच घे. डॉक्टरांनी फिटनेस दिल्याशिवाय ड्युटी नाही.

मांडवी एक्स्प्रेसनं खेडपर्यंत ये, बाबा स्टेशनवर असतील. गोळ्या परत जाईपर्यंत पुरतील एवढ्या मोजून आण.

तुझी आई