थूनच्या काकांना, लाल शेऱ्यांबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

झ्युरिक, ल्युसर्न, इंटरलाकेन, माँत्रो, स्ट्रेझा, वारेन्ना. जानेवारीत, पाठीवर सॅक टाकून, रेल्वेने असं स्वित्झर्लंड आणि इटलीतल्या तळ्याकाठच्या गावांतून जायचा आमचा आराखडा तुम्ही लाल शेरे मारून परत पाठवलात. नुसतं ‘थँक्यू काका’ म्हणून हे फिटणारं नाही. म्हणून तुमचे शेरे इथे उघडच मांडतोय. पुढे ज्यांना जायचंय त्यांच्याही उपयोगी पडतील.

पहिला शेरा: ‘आधी बोटी बघा, मग हॉटेल.’ ल्युसर्नच्या तळ्यात बोटी बाराही महिने चालतात. स्वित्झर्लंड-जर्मनी सीमेवरच्या बोडेनझे तळ्यावर मात्र फेरफटक्याच्या बोटी ऑक्टोबरात थांबतात त्या थेट वसंतापर्यंत. हिवाळ्यात उरतात त्या मुख्यतः रोमान्सहॉर्न–फ्रीड्रिक्सहाफेन आणि कोन्स्टांझ–मेर्सबुर्ग या मोटारी नेणाऱ्या फेऱ्या. त्यातच डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री युरोपभर रेल्वेचं वेळापत्रक बदलतं. त्यामुळे उन्हाळ्यात टिपून ठेवलेल्या वेळा जानेवारीत कुचकामी. उजाडतं आठनंतर, पाचच्या सुमारास अंधार; खिडकीतून बघण्यासारखा प्रवास दहा ते तीनमध्येच बसवायचा, हेही तुमचंच.

पासच्या बाबतीत तुम्ही युरेल (युरोपभर चालणारा रेल्वे पास) खोडून ‘स्विस ट्रॅव्हल पास’ लिहिलंत आणि कारणही दिलंत: अर्ध्याहून जास्त मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये, आणि या पासात तळ्यावरच्या बोटी, गावातल्या बस आणि ल्युसर्नजवळच्या रिगी डोंगराची गाडी येते. साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, समोर येईल त्या गाडीत बसायचं. मात्र साध्या पासाचे दिवस सलग मोजले जातात. मध्ये एकाच गावी दोन-तीन दिवस नुसतं बसून राहायचं असेल तर महिन्याभरात सुटे दिवस वापरता येणारा फ्लेक्स घ्यायचा.

सगळ्यात मोलाचा शेरा धुक्याचा. हिवाळ्यात थंड, जड हवा सखल भागात साचते, वर उबदार हवेचा थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसतो आणि ल्युसर्न, झ्युरिक, थून दिवसच्या दिवस करड्या ढगाखाली राहतात. लोक ‘हवा खराब आहे’ म्हणून हॉटेलात बसतात. पण या ढगाचा माथा बऱ्याचदा हजार मीटरच्या आसपास असतो, आणि रिगीचं शिखर आहे 1798 मीटरवर. सकाळी वेबकॅमवर शिखर बघायचं. तिथे ऊन दिसलं तर ल्युसर्नहून बोटीने तासाभरात फिट्झनाऊ, आणि तिथून दातेरी रुळांची गाडी. 1871 ची ही युरोपातली पहिली दातेरी डोंगररेल्वे. वेबकॅमवरही करडंच दिसलं, तर शहरातली संग्रहालयं. बहुतेक त्याच पासात होतात.

ल्युसर्न ते इंटरलाकेन या गाडीत ‘उजवीकडे बसा आणि जागा सोडू नका’ असं तुम्ही दोनदा अधोरेखित केलंत. सार्नेन आणि लुंगर्नची तळी उजव्या हाताला येतात. ब्रुनिगची खिंड (रेल्वे 1002 मीटरवर) उतरून गाडी मायरिंगेनला येते आणि तिथून उलट दिशेने निघते. घाबरून जागा बदलणारे इथेच फसतात! उजवी बाजू आता डावी होते आणि ब्रिएन्झचं तळंही डावीकडेच येतं. म्हणजे पहिली जागाच शेवटपर्यंत बरोबर.

इंटरलाकेनहून माँत्रोला बर्नमार्गे जाण्यापेक्षा गोल्डनपास एक्सप्रेस. डिसेंबर 2022 पासून ही गाडी न बदलता जाते, आणि रेल्वेवेड्यांसाठी त्स्वायझिमेन हे स्टेशन पाहण्यासारखं: इंजिन बदलतं, डबे खास यंत्रावरून अगदी सावकाश पुढे सरकतात आणि चाकांमधलं अंतर 1435 मिलिमीटरवरून मीटरगेजवर येतं. फलाटाप्रमाणे डब्याची उंचीसुद्धा बदलते. भाडं पासात येतं, आरक्षणाचे पैसे वेगळे.

इटलीत शिस्त निराळी. माँत्रोहून सिम्प्लॉन बोगद्यातून जाणाऱ्या युरोसिटी या आंतरराष्ट्रीय गाडीला सीमेपलीकडे जायचं तर आरक्षण सक्तीचं. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा, मोबाइलवरच्याला चेक-इन करायचं. नाही केलं तर तिकीट खिशात असूनही दंड. स्ट्रेझाच्या दोन रात्रींवर तुम्ही काट मारलीत ते योग्यच, कारण बोर्रोमेओ बेटांवरचे महाल हिवाळ्यात बंद असतात. वारेन्नासाठी मिलानो चेंत्रालेहून तिरानोची गाडी, बसायचं डावीकडे, म्हणजे लेक्कोपासून तळं सोबतीला. बेल्लाजोला बोट जाते, पण तिथली बरीच हॉटेलं वसंतापर्यंत कुलूपबंद, म्हणून मुक्काम वारेन्नातच.

सामानाबद्दल थोडक्यात. चाकांची बॅग नको, बर्फात आणि फरसबंदीवर चाकं अडतात. माणशी 40 लिटरची सॅक पुरे. सुती बनियन घामाने ओलं राहतं आणि तेच गारठवतं, म्हणून अंगालगत लोकरीचं किंवा थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. डबे चांगले तापलेले असतात, तेव्हा बसल्याबसल्या दोन थर उतरवायचे. जाड मोज्यांवर घट्ट बूट घातले की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. बूट अर्धा नंबर मोठाच हवा. फोन आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी बसते आणि तिकीट त्यातच असतं. युरोपच्या सिमकार्डात स्वित्झर्लंड आहे का तेही आधी पाहायचं. बऱ्याच प्लॅनमध्ये नसतं. रविवारी दुकानं बंद, पण मोठ्या स्टेशनांतली उघडी.

व्हिसासाठी जिथे रात्री जास्त त्या देशाकडे अर्ज, आणि विमा किमान 30,000 युरोंचा, हेही तुम्ही समासात लिहून ठेवलंत.

तुमच्याकडे येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवतोय. काकूंनी तूप मागितलं होतं, पण भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे आणि कस्टमवाले काढून घेतात. तेवढं लोणी तिकडचंच घेऊन कढवावं लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
आम्ही दोघे