हळदीचा डाग आणि सांगलीच्या खणभागातल्या मावशी

तीर्थस्वरूप मावशी,
सा. न.

समोर येऊन आभार मानले तर ‘गप रे’ म्हणून हाकलून द्याल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

मित्राच्या लग्नात वाढप्यानं बटाट्याची भाजी पानाऐवजी माझ्या छातीवर वाढली. शर्ट दोन दिवस तसाच पिशवीत. शुक्रवारी मुलाखत आणि पांढरा शर्ट तेवढा एकच! मी अक्कल चालवली. उकळतं पाणी ओतलं, वर कपड्याची वडी खसाखसा घासली. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. गच्चीवरच्या नळापाशी मी रडकुंडीला आलेलो, तेव्हा तुम्ही वाळवणाजवळून उठून आलात.

“घाबरतुयास कशाला? हळदीत चुना पडला की कुंकू हुतंय. साबणानं बी तसंच. लिंबू पिळ.”

पिळलं. लाल डाग डोळ्यांदेखत परत पिवळा! मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर आयुष्यभर हळद निवडलेल्या बाईला हे कुणी शिकवायचं? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे ‘हा माल याच भागाचा’ असं सरकारी मानांकन मिळालं म्हणतात. तिचा रंग किती पक्का, ते माझ्या शर्टानं सांगितलं.

मग तुम्ही बैजवार कामाला लागलात. उरलासुरला थर चमच्याच्या कडेनं हलकेच खरवडला, कापड उलटं करून मागच्या बाजूनं गार पाण्याची धार सोडली. “पुढनं घासलंस तर डाग आत जातोय.” भाजीच्या तेलासाठी भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब लावून पंधरा मिनिटं ठेवलं. परत थोडी लाली आली, पण या वेळी मी घाबरलो नाही. खळाखळा धुऊन ओलाच शर्ट उन्हात टाकला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हे तेव्हा कळलं. संध्याकाळी फिकी सावली उरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवून टाकला, तीही गेली. रंगीत कापड असतं तर एवढं ऊन दाखवू नको, त्याचाही रंग उडेल, हे तुम्ही जाता जाता बजावलंत. त्यामुळे बहिणीचा निळा कुर्ता वाचला.

मुलाखतीत शर्टाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. नोकरीही लागली नाही, ते असो.

तुमचा तो स्टीलचा चमचा अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणून देतो, सोबत थोडं भडंग.

तुमचा,
वरच्या खोलीतला