पक्याला पत्र: करंट, कंडेन्सर आणि ओलं फडकं

पुणे, रविवार

प्रिय पक्या,

परवा फोनवर अर्धवटच राहिलं, तुझी रेंज गेली की तू मुद्दाम कट केलास देव जाणे. म्हणून म्हटलं सगळं लिहूनच पाठवावं, यात माझी भरपूर इज्जत गेलीये आणि असलं काही तोंडावर सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

विषय आपली जुनी फियाट, पद्मिनीच, दुसरा कुठला असणार. तुझ्याकडे साताऱ्याला येताना ती खंबाटकीत हमखास दम तोडायची बघ. निम्मा घाट चढला की आधी मिसिंग, म्हणजे इंजिन मधेमधे ठोका चुकवायचं, मग दोन आचके, मग गप्प. मी बोनेट उघडणार, बाबा मागच्या सीटवरून ओलं फडकं पुढे करणार, ते पेट्रोल पंपाला गुंडाळायचं, वीस-पंचवीस मिनिटं रस्त्याकडेला ट्रक मोजत उभं राहायचं आणि मग सेल्फ मारला की चालू. फियाटवाल्यांच्या घरात हे ज्ञान पिढीजात असतं ना, पंप इंजिनाला चिकटलेला, तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ काही ओढता येत नाही, गार केलं की पुन्हा पेट्रोल येतं. व्हेपर लॉक. आणि हे होतंच गाड्यांना, खोटं नाही. फक्त आमच्या गाडीला ते होत नव्हतं!

डिसेंबरात सकाळी साडेसातला, अंगात स्वेटर असताना, ती तशीच बंद पडली तेव्हा खरं तर माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण नाही, मी आपला फडकं घेऊन उभा. तेवढ्यात मागून एक ट्रकवाले काका आले, काही न विचारता कॉइलची (बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो करणारी ती) मधली वायर डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीतून उपटली, पक्कडीच्या रबरी मुठींनी धरून टोक इंजिनापाशी नेलं आणि म्हणाले, "सेल मार." मी मारला. ठिणगी आली पण कशी, पिवळट, बारीक, मेणबत्ती विझताना असते तशी. काका म्हणाले, "पेट्रोल नाय ओ, करंट मरतोय." आणि निघून गेले, चहासुद्धा घेतला नाही.

घरी आल्यावर डेल्कोची टोपी काढून बसलो. (डेल्को हे नाव मला मिस्त्री लोकांचं काहीतरी वाटायचं, पण ते निघालं डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, म्हणजे चार्ल्स केटरिंगची कंपनी, ज्याने बॅटरीवरचं हे इग्निशन आणि १९१२ च्या कॅडिलॅकचा सेल्फ स्टार्टर बनवला. शंभरावर वर्षं झाली तरी आपले लोक डिस्ट्रिब्युटरला कंपनीच्याच नावाने हाक मारतात.) आत पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी ती दोन टोकं, बघितले तर एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला बारीकसा डोंगर, निळे-काळे पडलेले. हे कंडेन्सर गेल्याचं लक्षण. पॉइंट उघडला की कॉइलमधला करंट तुटतो आणि त्या तुटण्यातूनच प्लगला पंधरा-वीस हजार व्होल्टची ठिणगी मिळते, पण तुटताना करंटला पॉइंटवरच उडी मारायची असते, ती उडी कंडेन्सर पोटात घेतो. तो लिक झाला की ठिणगी पॉइंटवरच जळते, प्लगला उरलंसुरलं. तीन हजार आरपीएमला हे सेकंदाला शंभर वेळा होतं, तूच विचार कर.

पण मला खात्री करायची होती. मग मी काय केलं, गाडी आयडलवर, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन हळू चालू, ठेवली आणि हिचा हेअर ड्रायर एक्स्टेंशन लावून खाली आणला, नुसत्या कंडेन्सरवर धरला. चार मिनिटांत मिसिंग सुरू! ड्रायर बाजूला केला, थांबलो, पुन्हा नीट. अंगठ्याएवढा तो डबा तापला की मरायचा आणि गार झाला की जिवंत व्हायचा. म्हणजे घाटात फडक्याने काहीही होत नव्हतं पक्या, त्या पंचवीस मिनिटांत कंडेन्सर आपला आपण गार होत होता आणि श्रेय फडक्याला. ही वरून बघत होती, म्हणाली केस गेले की माणूस ड्रायरचं असं काहीतरी करतो.

नवा कंडेन्सर आणला, तो पंधरा दिवसांत गेला. हल्ली मिळतात ते असलेच. मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर ठीक होतं, कुठल्याही गल्लीत पद्मिनीचा माल आणि तो बसवणारा हात मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या नियमाने शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली आणि आता दुकानदार "कशाला ठेवलीय अजून" असं विचारतो.

म्हणून शेवटी तुझं ऐकलं. हो, ऐकलं, फ्रेम करून ठेव. इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. पॉइंट-कंडेन्सर दोन्ही बाहेर, डेल्कोत फिरणाऱ्या रोटरखाली चुंबकाची रिंग, शेजारी सेन्सर, लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला, उलटी लागली तर किट तिथेच राम म्हणतं म्हणून तीनदा बघितलं. आधी मीटरने कॉइल मोजली, तीन ओहमच्या जरा वर, किटला चालणारी. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, एका मित्राच्या स्ट्रोब लाइटने लावलं. फरक कळतो रे, थंडीत अर्ध्या सेल्फला चालू होते, आयडल एकसारखं. आणि पॉइंटचा फायबर झिजून गॅप कमी, टायमिंग मागे, ही दर दोन महिन्यांची कटकट संपली. एकच, गाडी बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकायचा नाही, कॉइल नाहीतर किट तापून जातं.

वाईट एवढंच वाटलं की गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हाताने इंचाइंचाने ढकलत, बाबांनी टॉर्च धरलाय आणि मी ०.४५ मिलिमीटरचं फिलर गेज, ती गॅप मोजायची पातळ पट्टी, पॉइंटमध्ये सरकवून ते नुसतं घासून जातंय का बघतोय, हे आता नाही. किट मात्र रस्त्यात गेलं तर गेलं, ते पॉइंटसारखं घासून पुन्हा चालत नाही. म्हणून जुनी प्लेट पॉइंटसकट, गॅप लावून, आणि एक जुन्या स्टॉकचा कंडेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय.

पुढच्या शनिवारी येतोय, भर दुपारी घाट चढणार, मुद्दाम. वहिनींना सांग जेवायला आम्ही तिघं, काकूंना नमस्कार. आणि बाबांना हेअर ड्रायरची पूर्ण गोष्ट दोनदा सांगून झाली, त्यांनी नीट ऐकून घेतली, मान डोलावली आणि ओलं फडकं पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवलं.

तुझाच,
बाळ्या