लेसरची वीज आणि माडाची झावळी

महोदय,

‘डार्पा’ या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेने २०२५ मध्ये लेसरने ८.६ किलोमीटरवर ८०० वॉटहून जास्त वीज पोहोचवली, तीही जेमतेम ३० सेकंद. चर्चा सगळी अंतराची. खरी गोम मात्र घेणाऱ्या टोकाला आहे, जिथे सौर पॅनेलसारखे सेल लेसरच्या प्रकाशाची पुन्हा वीज करतात.

दापोलीतल्या आमच्या घरच्या सौर पॅनेलवर दुपारी तीननंतर माडाच्या एका झावळीची सावली येते. सावली दोन-चार सेलांवर, पण मीटरचा आकडा धाडकन खाली! सेल माळेसारखे जोडलेले. सर्वांत अंधारातला जेवढा प्रवाह देईल, तेवढाच साऱ्या माळेतून जातो. लेसरचा झोतही मध्ये प्रखर, कडेला फिका. म्हणजे मधले सेल तापणार, कडेचे उपाशी. डार्पाच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे झोत घेणाऱ्या यंत्रात, तो पॅराबोलिक (वक्र) आरशावरून डझनावारी सेलांवर पसरवला होता.

जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर आम्ही कित्येक रात्री कंदिलावर काढल्या, त्यामुळे ‘तारेविना वीज’ म्हटले की कान टवकारतात. आषाढातल्या धुक्यापावसात झोत विखुरणारच म्हणा. तरी कोकणातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रकाश सारखा पसरवण्याचे प्रयोग इथल्या दमट हवेत करून पाहावेत. आमचे खळे मोकळे आहे. फक्त माड तोडायला सांगू नका.

– एक वाचक, दापोली